उस्ताद वग्दी आता दाखले बनवत नाहीत

— नाही, ते आधी पर्समध्ये घाला. घाला म्हणतो ना! कैरोच्या दवाखान्याचं कोरं लेटरहेड, खाली शिक्का मारलेला, सही ठोकलेली — आणि ते तुम्ही माझ्या टेबलावर असं पसरलंय, जसा काही मी शिंपी आहे आणि तुम्ही कापड घेऊन आलात. काचेचं दार आहे, डॉक्टर, रस्त्यावरून सगळं दिसतं. हां. आता बसा. चहा? नको? सुदानी माणूस चहाला नाही म्हणतो हे मी आज पहिल्यांदा बघितलं — म्हणजे प्रकरण गंभीर आहे. बरं, पाठवलं कोणी तुम्हाला? 'उस्ताद वग्दीकडे जा, तो करून देतो' — असंच ना? करून देतो! सतरा वर्षं झाली मला या दुबईत टायपिंग सेंटर चालवून. बाहेर पाटीवर लिहिलंय — भाषांतर, व्हिसा, डॉक्टर-नर्सचे परवाने. त्यात 'अडीच वर्षांचा अनुभव ताजा तयार करून मिळेल' असं कुठे दिसलं तुम्हाला? की ते मी झोपेत रंगवून आलो?

थांबा, तुमचंच मी तुम्हाला सांगतो, चुकलं तर अडवा. डॉक्टर तहानी, बाळंतपणाच्या डॉक्टर, सुदानातल्या वाद मदनी शहरच्या सरकारी इस्पितळात अकरा वर्षं. लढाई तिथवर आली, इस्पितळाला कुलूप लागलं, तुम्ही आईला घेऊन कैरो गाठलंत. तिथे अडीच वर्षं. आता इथे समोरच्या आरोग्यनगरीतलं एक क्लिनिक तुम्हाला घ्यायला तयार आहे — त्यांच्या मॅनेजरबाई म्हणाल्या, गुरुवारपर्यंत परवान्याचा अर्ज गेला पाहिजे, नाहीतर आम्ही दुसरी डॉक्टर बघू. आणि नियम म्हणतो, दोन वर्षांपेक्षा जास्त ज्याचा हात कामाला लागला नाही, त्याचा अर्ज सरळ चालत नाही. म्हणजे सहा महिने जास्त झाले. लढाई सहा महिने उशिरा केली असती तर सगळं नियमात बसलं असतं — पण त्या सेनापतींना कोण विचारणार, बाबांनो, आमच्या डॉक्टरीणबाईंच्या फाईलचं जरा बघा म्हणून! हसू नका. म्हणजे हसा, हसा, तुम्ही आल्यापासून पहिल्यांदाच हसलात. मी काही ज्योतिषी नाही हो — माझ्याकडे रोज हेच येतं, फक्त देश बदलतो. परवा सीरियाचा एक दातांचा डॉक्टर होता, त्याआधी येमेनची नर्स.

आणि त्या अडीच वर्षांत कैरोत तुम्ही काय करत होतात? खिडकीत बसून नाईल बघत होतात? — किती? परत सांगा. एकशे चाळीस? तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकशे चाळीस बाळंतपणं? पाणी खालून बादलीने आणून? आणि एकही बाई दगावली नाही — माशाल्ला, माशाल्ला. आता माझं ऐका, हा आकडा परत तोंडातून काढू नका. कारण त्याला इथे अनुभव म्हणत नाहीत, डॉक्टर, त्याला विनापरवाना व्यवसाय म्हणतात. तुम्हाला इजिप्तमध्ये परवाना होता का? नव्हता. तुम्ही कोण होतात तिथे? निर्वासित. मग झालं! हे एकशे चाळीस तुम्ही अर्जात लिहिलेत तर परवाना राहिला बाजूला, चौकशी मागे लागेल. म्हणजे गंमत बघा — काम केलंत तर गुन्हा, नाही केलंत तर गॅप. मुलं मात्र जन्मली. त्यांना कोणी सांगितलंच नाही की बाळा, जरा दम धर, बाईंचा कागद यायचाय.

छे, छे, मी नियमांना शिव्या देत नाही. कसा देईन? माझी चूल त्यांच्यावर पेटते. उलट मी रोज सकाळी दुआ करतो की देवा, यांनी अजून एक फॉर्म काढावा. आता ती आरोग्यनगरीच बघा — शहराच्या पोटात शहर. तिचं परवान्याचं ऑफिस वेगळं, तिचा अर्ज वेगळा. रस्ता ओलांडून अलीकडे आलात की दुसरं ऑफिस, दुसरा कागद. गर्भाशय दोन्हीकडे तेच असतं म्हणतात, पण मी काही डॉक्टर नाही, मला कसं कळणार? मग पदवी. पदवी तुमची अस्सल आहे हे तुम्ही सांगून चालत नाही, पदवीने स्वतः सांगून चालत नाही — ती तपासणारी कंपनी तुमच्या विद्यापीठाला पत्र घालते. विद्यापीठावर बॉम्ब पडला? अरेरे, फार वाईट झालं. पण मेलला उत्तर का देत नाहीत? मग तुमच्या देशाच्या वैद्यक परिषदेकडून चांगल्या वर्तणुकीचा दाखला. तोही शिळा होतो, काही महिन्यांत. म्हणजे मार्चमध्ये तुम्ही सज्जन, ऑक्टोबरात देव जाणे — परत आणा. मग परीक्षा, कॉम्प्युटरसमोर. वीस वर्षं पोटं उघडून शिवलेली माणसं तिथून बाहेर येताना घाम पुसत येतात, मी पाहिलंय.

आणि तुमचं हे सगळं झालंय! फाईल चाळली मी मघाशी — विद्यापीठाचं उत्तर आलंय, परिषदेचा दाखला आहे, परीक्षेत पास. पोर्ट सुदानला तंबूत बसून ज्या कारकुनाने तुमचं रजिस्टर शोधलं ना, त्याचे पाय धरायला पाहिजेत. एवढं सगळं खरं, नखशिखान्त खरं — आणि त्याच्यावर तुम्ही हा एक खोटा कागद ठेवणार. पातेलंभर दुधात एक लिंबू पिळणार. — काय? 'एक कागद तर आहे'? हे वाक्य माझ्यासमोर बोलू नका, डॉक्टर. हे वाक्य मी सगळ्यांच्या आधी बोललोय. हो, हो, तुम्ही बरोबर ऐकलंय बाहेर. करून देत होतो मी. मी कुठे संत आहे? चार-पाच जणांना दिले असतील, जाऊ दे, मोजत कोण बसलंय. पण नऊ वर्षांपूर्वी बंद केलं ते. का? — तुम्हाला बरं सगळं कळायला पाहिजे. बरं, ऐका.

एक डॉक्टरीणबाई होत्या. गिऱ्हाईकच समजा. इजिप्तच्या, आमच्या मन्सूराच्या, मुलांच्या डॉक्टर — आणि डॉक्टर म्हणजे अशा की रडणारं पोर त्यांच्या हातात दिलं की ते रडायचं विसरून त्यांच्याकडेच बघत बसायचं. नवरा दुबईत, त्या तिकडे. मग सासू अंथरुणाला खिळली — अर्धांग, एक बाजू पूर्ण गेलेली. आता घरात दुसरं कोण? नवरा फोनवरून अश्रू ढाळायला मोकळा. बाईंनी इस्पितळ सोडलं. चार वर्षं, डॉक्टर — चार वर्षं दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, चमच्याने भरवायचं, धुवायचं, पुसायचं — पाठीला एक जखम होऊ दिली नाही हो, एक साधी जखम, शेवटच्या दिवशी माझ्या आईला आंघोळ घालणारी बाई मला म्हणाली, एवढी वर्षं निजलेल्या बाईची अशी पाठ मी बघितली नाही —

काय?

काय म्हणालो मी? — हं. 'माझ्या आईला' म्हणालो. बरं मग. आता निघालंच आहे तोंडातून तर काय करता! नेवीन तिचं नाव. माझी बायको. गिऱ्हाईक नव्हती, फुकट काम करून दिलं तिचं, असं समजा. कसलं काम ते ऐका.

आई गेली, नेवीन इथे आली. आणि मी तिची फाईल लावली — उस्ताद वग्दीच्या बायकोची फाईल, अख्ख्या गल्लीत अशी फाईल कोणाची नसेल! फक्त चार वर्षं कोरी. नेवीन म्हणाली, साधं आहे, मी परत मन्सूराला जाते, माझ्या जुन्या इस्पितळात सहा महिने मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली काम करते, ते लिहून देतील, नियमात बसतं ते. बसतं हो! तो रस्ता आहेच, मी स्वतः लोकांना सांगतो. पण मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, चार वर्षं मी इथे डब्यातली फूलची, घेवड्याची उसळ खाऊन काढली, आता आलीस तर परत सहा महिने जाणार? एक कागद तर आहे. चार वर्षं माझ्या आईचं मलमूत्र काढलेल्या बाईला मी सहा महिने द्यायला तयार नव्हतो — आणि मला वाटत होतं की मी तिच्यावर प्रेम करतोय. नेवीन म्हणाली, खोटं नको वग्दी. मी म्हणालो, तुला कागदांतलं काय कळतं, तू पोरांचे गळे बघ. आणि सही कर इथे. तिने वाचून न बघता सही केली. माझ्यावर विश्वास, दुसरं काय — तिला वाटलं, खोटं काही घातलं नसेल मी.

शौकी म्हणून माझा शाळेपासूनचा मित्र, मन्सूरात त्याचा स्वतःचा मुलांचा दवाखाना. त्याच्या लेटरहेडवर मी टाईप केलं — डॉक्टर नेवीन यांनी आमच्याकडे अमुक महिन्यापासून तमुक महिन्यापर्यंत काम केलं. झकास टाईप केलं. शौकीला तीनदा फोन करून पढवलं: हे बघ, तपासणीवाले फोन करतील, तू फक्त तारखा सांगायच्या, आणि 'हो, केलं काम, सोडून गेल्या', बास. शौकी म्हणाला, तू काळजीच करू नकोस. आता तुम्ही सुदानी, मी इजिप्शियन, आपल्याकडची रीत तुम्हाला वेगळी सांगायला नको. आपल्याकडे कोणी कोणाबद्दल विचारलं — लग्नासाठी विचारो, नोकरीसाठी विचारो — तर आपण तारखा सांगतो का? 'हो, ओळखतो' एवढंच म्हणून कोणी थांबलं तर समोरचा काय समजेल? की यात काहीतरी काळंबेरं आहे! आपण माणसाला आभाळाला नेऊन टेकवतो. नाही टेकवलं तर तो अपमान.

तर त्या कंपनीतल्या मुलीचा फोन आला. विचारते, या डॉक्टर तुमच्याकडे काम करत होत्या का? आणि शौकीला राग आला! 'होत्या' म्हणजे? होत्या काय! म्हणाला, बेटी, डॉक्टर नेवीन या दवाखान्याचा उजेड आहेत, त्या गेल्या तर मी दार बंद करीन. आज सकाळीच अकरा पोरं तपासली त्यांनी. थांब, बोलावतो — नाही, आत्ताच नमाजाला गेल्या, अर्ध्या तासाने फोन कर. वल्लाह, असं म्हणाला. नेवीन त्या वेळी इथे, या दुबईत, पासपोर्टवर चार महिन्यांपूर्वीचा शिक्का — आणि मन्सूरात अकरा पोरं तपासून नमाजाला गेलेली! नंतर मला फोन करतो हा शहाणा, छाती फुगवून — वग्दी, वहिनींना मी अशी चढवली, अशी चढवली की तू ऐकायला हवं होतंस. मी त्याला काय बोलणार? जीव ओवाळून टाकला हो त्याने. पार ओवाळून टाकला.

हसलात? हसा. मीपण सांगताना हसतोच. पंधरा दिवसांनी मेल आला — खोटा दाखला. नाव यादीत. आणि ती यादी काही या रस्त्यापुरती नाही. दोहा बघा, रियाध बघा, कुवेत बघा, जिथे नाव टाकाल तिथे लाल रेघ. कायमची. मेल मला आला, कारण अर्जावर मेलचा पत्ता माझा घातला होता — सगळ्यांच्याच अर्जावर घालतो, गिऱ्हाइकांना त्रास नको म्हणून. मी वाचला, आणि पुसून टाकला.

आता ती पाळणाघरात जाते. हो, डॉक्टर म्हणून कसली, मदतनीस म्हणून. नाकं पुसते, डायपर बदलते. पोराच्या अंगावर पुरळ दिसायच्या दोन दिवस आधी तिला कळतं, ताप गोवराचा आहे की उन्हाचा — कळतं, पण बोलायचं नाही. बोलली तर विनापरवाना सल्ला. म्हणून आयांना म्हणते, 'एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या हं.' आणि त्या आया तिला सांगतात, 'मावशी, तुम्हाला नाही कळायचं.' घरी येऊन मला सांगते, हसत सांगते. मी पण हसतो. काय करणार, दोघं मिळून हसतो.

असो. मुद्दा तुमचा. हे लेटरहेड ज्याने दिलंय तो माणूस चांगला असेल, मला शंका नाही. तोच तर घोटाळा आहे — वाईट माणूस फोनवर दोन शब्द बोलून ठेवून देईल, चांगला माणूस तुमचं वाटोळं करील. फाडा ते. इथे नको, घरी जाऊन फाडा. आणि अर्जात खरं लिहा: अडीच वर्षं काम नाही, कारण लढाई. त्या एकशे चाळीस आया तुम्हाला आठवणीत ठेवतील, फॉर्मात नको. खाली लिहा, हाताखाली सहा महिने काम करायची तयारी आहे. असं तुम्हाला हाताखाली घेणारं इस्पितळ शोधावं लागेल, बिनपगारी राबावं लागेल, काल एमबीबीएस झालेलं पोरगं तुम्हाला सांगेल की नाळ अशी कापतात — ऐकून घ्या. मॅनेजरबाईंना मी आत्ता तुमच्यासमोर फोन लावतो, सांगतो की थांबा. थांबतील का? नाही थांबणार बहुतेक. मी काही लिहून देत नाही. नोकरी जाईल कदाचित, पण तुम्ही डॉक्टर राहाल. — नाही, रडू नका. रुमाल तो तिथे आहे, बॉक्समध्ये. मला रडणारी माणसं चालत नाहीत, माझा प्रिंटर बिघडतो.

काय म्हणालात?

... हे तुम्ही विचारायला नको होतं.

नाही. तिला माहीत नाही. मी सांगितलं, मन्सूरा विद्यापीठाचं जुनं रजिस्टर सापडत नाही, तपासणी अडकलीय, आपण अपील करू. मग केलं अपील. दर वर्षी करतो. छान लिहितो मी, तिचे जुने शेरे, आईच्या आजारपणाचं प्रमाणपत्र, सगळं जोडतो; ती चष्मा लावून सही करते, खाली तारीख घालते. आणि मी ते — कुठे पाठवणार? कोणाला पाठवणार? पाठवण्यासारखं कोणी नाहीच त्या टोकाला. नऊ अपिलं आहेत माझ्याकडे. तिला वाटतं, तिच्यावर त्या लोकांनी अन्याय केला. शेजारणींना सांगते, पाळणाघरात सांगते. सगळे त्या ऑफिसला नावं ठेवतात. आणि ते बिचारे — हो, बिचारेच म्हणतो — त्यांनी एवढंच विचारलं होतं की बाई तुमच्याकडे काम करत होत्या का. तुम्ही असं बघू नका माझ्याकडे. सांगणार कसं? नऊ वर्षांनी? पहिल्या दिवशी सांगितलं नाही, मग दुसऱ्या दिवशी पहिल्या दिवशीचं कारण सांगावं लागलं असतं, मग तिसऱ्या दिवशी —

गप्प बसा. दार उघडलं. तीच आहे. एक वाजला, पाळणाघर सुटलं.

— ये, ये गं. बस. डबा ठेव तिथे. भेंडीची बामिया? वा. या डॉक्टर तहानी, सुदानच्या, बाळंतपणाच्या — हो, परवान्याचंच. हो, गॅप. नाही, त्या — नेवीन, अगं त्यांना तुझं कशाला सांगत बसतेस, त्यांची घाई आहे — हो, नऊ वर्षं, हो. ऐकलं त्यांनी. नको गं. नाही, मी काही तसा — ऐक ना — डॉक्टर, ही म्हणतेय काय बघा: माझ्या नवऱ्याला सगळं सोपवा, नऊ वर्षं एकटा भांडतोय माझ्यासाठी, दुसरा असता तर कधीच हात टेकले असते, असा खरा माणूस या शहरात शोधून सापडायचा नाही. — पुरे. नेवीन, पुरे! हात सोड माझा. — नाही, ओरडलो नाही. यंदाचं अपील? हो, आलाय महिना. नाही, अजून लिहिलं नाही. पेन ठेव खाली.

डॉक्टर, तुमची फाईल. ही घ्या. रुमाल राहू द्या तुमच्याकडे. फोन मी तुमच्या मॅनेजरबाईंना संध्याकाळी करतो, आत्ता नाही होणार माझ्याने. उठा. — नाही, रागावलेलो नाही तुमच्यावर, तुम्ही काही केलं नाहीत. पण तुम्ही समोर बसलात की मला विनोद सुचत राहतील, आणि मला हिच्याशी बोलायचंय.

जा. दार नीट ओढून घ्या.